मांडूच्या गोरखचिंचा : जुनी झाडं पाहिली, नवी कुठे आहेत?

रामबागकर

आपण इंदूरकर मांडूला जातो ते पावसाळ्यात. घाटाबिल्लोदपासून गाड्यांची रांग, जहाज महालात शिरलेले ढग, काकडा खोहचा धबधबा, आणि रूपमती मंडपावरून नर्मदा खरंच दिसली की नाही यावर परतीच्या वाटेत वाद. त्या गर्दीत गोरखचिंच (बाओबाबचं झाड) बघायची म्हणजे गाडी कडेला लावून एक फोटो काढायचा. यंदा आम्ही मुद्दाम माघात गेलो, महाल बाजूला ठेवून फक्त झाडं बघायला.

या दिवसांत झाडावर पान नसतं. त्यामुळे झाड कसं बांधलंय ते नीट दिसतं. खालचं खोड अवाढव्य आणि वरच्या फांद्या त्या मानानं आखूड, वेड्यावाकड्या. कणकेचा सैल गोळा परातीत बसावा तशी साल मुळाशी घड्या घालून बसलेली. रंग राखाडी, जरा तांबूस झाक, आणि हात लावला तर गुळगुळीत. सागर तलावाच्या बाजूला एका झाडाला आम्ही सात-आठ जणांनी हात जोडून वेढा घातला, तरी माणसं कमी पडली. फांद्यांना लांब देठाची, मखमली लव असलेली फळं लोंबत होती.

वाईट वाटलं ते खोडाकडे पाहून. हात पोचेल तिथवर नावं, बदाम, बाण, तारखा. एका झाडाला खिळे ठोकून पाटी लावलेली, दुसऱ्याच्या बुंध्याशी गाड्या लावून लावून जमीन फरशीसारखी टणक झालेली.

पण धागा काढायचं कारण ते नाही. दिवसभर फिरलो, शेतांच्या बांधांवरून गेलो, म्हातारी आणि मध्यमवयीन झाडं पुष्कळ दिसली. मनगटाएवढ्या खोडाचं एकही झाड दिसलं नाही. आहेत ती झाडं जपण्याबद्दल सगळे बोलतात. पुढची पिढीच नसेल तर आपण नक्की काय जपतोय? जाणकारांनी सांगावं.

---

धारची_लेक

रामबागकर दादा, माघात गेलात हे छान केलंत. आमच्याकडे त्या दिवसांत फळं उतरवायची घाई असते. मांडूच्या रस्त्यावर टोपली घेऊन बसलेल्या बायका तुम्हाला दिसल्या असतील. फोडलेल्या फळात पांढरा, कोरडा, आंबट गर असतो आणि त्यात बिया. प्रवासी तो गर चघळतात आणि बिया गाडीच्या खिडकीतून थेट डांबरावर टाकतात. नव्या झाडांचा हिशोब तिथेच चुकायला लागतो. फळ उतरतं, विकलं जातं, आणि बी इंदूर, उज्जैन, अहमदाबादला निघून जातं.

दुसरं म्हणजे ही सगळी झाडं काही सरकारची नाहीत. बरीचशी शेतात आहेत, भिल्ल कुटुंबांच्या शेतात. कुणाच्या आजोबांच्या वाटणीत दोन झाडं आली, कुणाच्या एक. फळाचा पैसा येतो तो त्याच घरात. तुम्ही ज्या झाडाला वेढा घातलात त्यालाही कुणी मालक असेल. त्याला राम राम केलात का? (रागावू नका, इंदूरच्या पाहुण्यांना मी हा प्रश्न नेहमी विचारते.)

आणि एक गंमत. दुसरा बाजीराव १७७५ साली आमच्या धारच्या किल्ल्यात जन्मला, आनंदीबाई तेव्हा तिथे आश्रयाला होत्या. मांडू तोवर पवारांकडे आलेलं होतं. म्हणजे गोरखचिंचेच्या आंबट फळाशी मराठी माणसाची ओळख काही आजची नाही.

---

तर्कट_माणूस

सगळं ठीक आहे, पण हे झाड मुळात आपलं नाही ना? आफ्रिकेतलं झाड आहे. वड, पिंपळ, मोह, अंजन सोडून या पाहुण्यासाठी एवढा जीव का काढायचा? गाजरगवत आणि घाणेरीही बाहेरूनच आली, त्यांना आपण वारसा म्हणत नाही.

---

कौलारू_शाळा

तर्कटराव, गाजरगवत आपोआप पसरतं आणि दुसऱ्याला जगू देत नाही. गोरखचिंच पाचशे वर्षांत मांडूचा डोंगर सोडून जवळच्या नालछ्याच्या पलीकडे फारशी गेली नाही. दोन्ही एका पारड्यात कशी घालता?

मी निवृत्त शिक्षिका, वनस्पतीशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

झाड आफ्रिकेतलं, हे खरं. शास्त्रीय नाव अडॅनसोनिया डिजिटाटा, अडॅनसन या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञावरून. भारतातल्या गोरखचिंचांचा जनुकीय अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही झाडं एकदाच आली नाहीत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी आली, असं त्यातून दिसतं. हिंदी महासागरातला व्यापार होता, आणि त्याच वाटेनं आलेली हबशी माणसं होती. मांडूच्या ग्यासुद्दीन खिलजीच्या (राज्यकाळ १४६९ ते १५००) जनानखान्याच्या पहाऱ्यावर हबशी स्त्रियांची पलटण होती, असं फरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. गाईड मात्र सांगतात की खलिफानं सुलतानाला बिया नजर केल्या. बी दरबारी पेटीतून आलं की कुणा हबशी बाईच्या पदराच्या गाठीतून, कोण सांगणार! मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त आवडते.

आता वयाबद्दल. कुणी हजार सांगतं, कुणी दोन हजार. या झाडात वर्षाची वलयं पुसट असतात आणि म्हातारपणी खोड आतून पोकळ होतं, त्यामुळे वलयं मोजून काही हाती लागत नाही. शिवाय एक दिसणारं खोड हे पुष्कळदा एकत्र जुळलेल्या अनेक खोडांचं कडं असतं. वय काढायचं तर आतल्या लाकडाचे बारीक नमुने घेऊन किरणोत्सारी कार्बनची पद्धत वापरावी लागते. त्या पद्धतीनं उत्तर प्रदेशातल्या झूंसी आणि किंतूरच्या झाडांचं वय साडेसातशे ते आठशेच्या घरात निघालं, आणि गोवळकोंड्याच्या प्रचंड झाडाचं पाचशेच्या आत. गोवळकोंड्याचा घेर त्या दोघांपेक्षा मोठा आहे बरं का! तेव्हा घेर बघून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, गाईडवर तर नकोच.

पुढच्या पिढीचं उद्या लिहिते, आज डोळे दुखतायत.

---

सराफ्यातला_भुकेला

भिया, त्या गराचं सरबत जमतं का? आणला होता मागे, डब्यात पडून आहे.

---

धारची_लेक

जमतं ना. बियांसकट गर कोमट पाण्यात तासभर ठेवा, हातानं कुस्करा, गाळा, गूळ, जिरेपूड, काळं मीठ. फ्रिजमध्ये ठेवा. आणि उरलेल्या बिया फेकू नका, कौलारू बाईंचं उद्याचं लिखाण येऊ द्या.

---

विजयनगर_टॉवर

एक प्रामाणिक प्रश्न. काही वर्षांपूर्वी मांडूकडची झाडं मुळासकट काढून हैदराबादच्या बाजूला एका खासगी बागेत नेत होते. लोकांनी विरोध केला, मग उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि ते थांबलं. पण इतका आरडाओरडा का? तिथे त्याला पाणी मिळेल, माळी मिळेल, कुणी नावं कोरणार नाही. शेतात राहून कुजण्यापेक्षा बरं नाही का? शेतकऱ्यालाही पैसे मिळालेच की.

---

रामबागकर

टॉवरभाऊ, मी त्या वेळी बातमीसोबतचे फोटो पाहिले होते. ट्रेलरवर आडवं टाकलेलं झाड, फांद्या छाटलेल्या, मुळं कापून गोळा केलेली. त्याला स्थलांतर म्हणणं जिवावर येतं.

---

कौलारू_शाळा

स्थलांतराबद्दल आधी सांगते, मग कालचं राहिलेलं.

या झाडाचं लाकूड लाकूड म्हणण्यासारखं नाही. स्पंजासारखं मऊ, पाण्यानं भरलेलं. म्हणूनच आठ-आठ महिने पान नसताना ते तगतं. सालीखाली हिरवा थर असतो, पानं नसली तरी थोडंफार अन्न तयार होत राहतं. आता असं झाड उपटून नेलं तर साठवलेल्या पाण्यावर ते बराच काळ जिवंत दिसतं, पालवीही फुटते. फीत कापली जाते, फोटो छापून येतात. मुळं मात्र गेलेली असतात. मोठ्या झाडाची मुळं फार खोल नसतात, पण फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. ती ट्रेलरवर चढत नाहीत. पाच-सात वर्षांनी झाडाचं काय झालं हे विचारायला कोण जातं?

याच कारणासाठी बुंध्याशी गाड्या लावणं वाईट. जमीन दाबली गेली की उथळ मुळांना हवा-पाणी मिळत नाही. आणि हौसेनं बांधलेला सिमेंटचा पार तर त्याहून वाईट.

आता नवी झाडं. रामबागकरांना ती दिसली नाहीत याचं अर्धं कारण असं की रोप आईसारखं दिसतच नाही! मोठ्या झाडाचं पान हाताच्या पंजासारखं, पाच ते सात पर्णिकांचं. रोपाला सुरुवातीला साधं, एकेरी पान येतं. बांधावर उगवलं तर तण समजून खुरप्यानं निघतं. उरलेलं अर्धं काम शेळ्या करतात.

आणि उगवणंही सोपं नाही. बीचं कवच फार टणक. आफ्रिकेत हत्ती, माकडं फळ खातात, बी त्यांच्या पोटातून जाऊन मऊ होतं आणि दूर कुठेतरी पडतं. मांडूत हत्ती उरले ते फक्त हत्ती महालाच्या नावात. म्हणजे बी पेरायचं काम माणसालाच करायला हवं, आणि माणूस ते खिडकीतून डांबरावर फेकतोय.

२०१८ साली एक शोधनिबंध आला होता. आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या तेरा गोरखचिंचांपैकी नऊ झाडं मागच्या बारा-तेरा वर्षांत एकतर पूर्ण मेली किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग कोसळला. त्यातलं झिम्बाब्वेतलं एक सुमारे २,४५० वर्षांचं होतं. कारण हवामानबदल असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हातारं झाड कितीही जपलं तरी एक दिवस जाणार. तेव्हा रामबागकरांचा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

---

तर्कट_माणूस

बाई, पाहुणा वगैरे मी मागे घेतो. पण टॉवरभाऊंचा शेतकऱ्याचा मुद्दा कुणी उचलला नाही. शेताच्या मधोमध एवढं झाड, त्याच्या सावलीत गहू होत नाही, नांगर फिरत नाही. इंदूरहून येऊन आपण त्याला म्हणणार, "वारसा आहे, हात लावू नकोस." वारसा आपला, आणि तोटा त्याचा?

---

धारची_लेक

तर्कट दादा, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत!

लोक चिडले होते ते झाड नेलं म्हणूनच, पण गावात दुसरीही एक गोष्ट बोलली जायची. ज्यानं झाड दिलं त्याला दोष कसा द्यायचा? घरात लग्न आहे, विहिरीला पाणी नाही, आणि कुणी रोख पैसे घेऊन दारात उभं आहे. फळाचा पैसा दरवर्षी थोडा थोडा येतो, तोही मधला व्यापारी भाव पाडतो म्हणून कमी. युरोपनं २००८ साली या गराला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून शहरांतल्या दुकानांत छोट्या बरणीत ही पूड कोणत्या भावानं मिळते ते बघा, आणि मग मांडूच्या रस्त्यावरच्या टोपलीचा भाव बघा. झाड वाचवायचं असेल तर ही तफावत आधी कमी करा. ज्या झाडाचं फळ चांगल्या भावानं जातं ते झाड कुणी विकत नाही.

---

पेठेतला_परदेशी

पुण्यातून लिहितोय, सासर इंदूरचं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड वारसावृक्ष, आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. मध्य प्रदेशात असं काही आणता येणार नाही का?

---

लाल_शाई (जुना सरकारी माणूस)

आणता येईल, पण त्यानं मांडूचं काम होणार नाही. तुमचा तो कायदा नागरी भागापुरता आहे. आमच्याकडेही २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे, तोही नगरीय क्षेत्रापुरताच. शेताच्या बांधावरच्या झाडाला त्याचा उपयोग नाही. आणि आठशे वर्षांच्या झाडाबदली आठशे रोपं हा हिशोब मला कागदी वाटतो. रोपं लावल्याचे फोटो निघतात, तिसऱ्या उन्हाळ्यात तिथे खड्डे उरतात. इंदुरात आपण हे पुष्कळ पाहिलंय.

माझ्या मते जास्त कामाचा आहे तो २००२ चा जैवविविधता कायदा. त्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. देशातलं पहिलं वारसास्थळ २००७ साली कर्नाटकात झालं, बेंगळुरूजवळ नल्लूरचं, आणि ते चिंचेचं बनच आहे (आपली साधी चिंच). आपल्या राज्यात २०१९ मध्ये पातालकोट झालं. या कलमातला मला आवडणारा भाग असा की जाहीर केल्यामुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईची योजना सरकारनं करावी, असं त्यात लिहिलेलं आहे. तर्कटरावांच्या प्रश्नाला कायद्यात तरी जागा आहे. अंमल किती होतो ते विचारू नका, मी निवृत्त आहे.

सुरुवात मात्र भोपाळहून करू नये. प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत एकेक झाड चढवायचं : कुणाच्या शेतात, घेर किती, फळ धरतं का, खोडाला इजा आहे का. नालछ्याच्या बाजूची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे २०२२ च्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींचा कायदा) नियमांनी ग्रामसभेला बऱ्यापैकी अधिकार दिलेत. ग्रामसभेचा ठराव हातात असला की पुढच्या वेळी ट्रेलर आला तर सरपंच कागद दाखवू शकतो. नुसत्या भावना दाखवून ट्रेलर थांबत नाही.

---

विजयनगर_टॉवर

मग त्या झाडांना लोखंडी जाळी आणि माहितीचा फलक एवढं तरी लगेच करता येईल ना? आमची सोसायटी वर्गणी काढेल.

---

धारची_लेक

जाळीच्या आत मालकच अडकेल हो! फळ उतरवायला चढायचं कसं? पूर्वी फळासाठी ठोकलेल्या खुंट्या काही झाडांवर अजून दिसतात. वर्गणी काढाच, पण ती रोपांच्या काट्यांच्या कुंपणाला द्या. बोरीच्या, बाभळीच्या फांद्या आणि दोन उन्हाळे पाणी घालणाऱ्या पोराची मजुरी. फलक रस्त्याकडेच्या चार-पाच झाडांपाशी लावा, जमिनीत रोवून, खोडाला नाही.

---

कौलारू_शाळा

नावं कोरणाऱ्यांसाठी फलकावर टाकण्याजोगी एक हकिगत. अडॅनसन अठराव्या शतकात सेनेगलच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर गेला तेव्हा त्याला या झाडांवर शतकांपूर्वीच्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावं सापडली. त्या नावांच्या आधारानं त्यानं झाडाच्या वयाचा हिशोब मांडला आणि तो हजारो वर्षांनी चुकला. म्हणजे शास्त्राच्याही उपयोगाला ती नावं आली नाहीत. आपल्या पिंटू-सोनूचं काय घेऊन बसलात!

रोपांची कृती : ताजं फळ, बिया गरातून स्वच्छ धुवायच्या, कवचाला कानशीनं किंचित ओरखडा काढायचा किंवा कढत पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं. पावसाच्या तोंडावर उंच पिशवीत पेरा, कारण खाली मुळ्यासारखं जाड मूळ धरतं, उथळ पिशवीत ते वाकडं होतं. पाणी बेतानं, जास्त झालं की कुजतं. फळ धरायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात, तेव्हा पेरणाऱ्यानं आपलं वय बघून उदास होऊ नये. मी सत्तरीत पेरलीत.

---

सराफ्यातला_भुकेला

सरबत झालं, बढिया झालं. बिया वाळवून ठेवल्यात. पण लावायच्या कुठे? आमच्या गॅलरीत तुळसच कशीबशी जगते.

---

धारची_लेक

इंदुरात लावूच नका. रोपं करा आणि मला द्या. ज्यांच्या शेतात आधीच झाड आहे अशा माझ्या ओळखीच्या घरांना विचारलंय, बांधावर जागा द्यायला तयार आहेत. अट त्यांची : झाड त्यांचं, फळ त्यांचं, आपण फक्त कुंपण आणि पाण्याचा खर्च करायचा. मला तरी अट रास्त वाटली.

---

रामबागकर

मलाही. मग असं करू या. फुलं येतात तेव्हा, पाऊस पडायच्या सुमाराला, एक संध्याकाळ मांडूत काढू. कौलारू बाई, फुलं रात्रीच उमलतात ना?

---

कौलारू_शाळा

सूर्य मावळला की उमलतात. मोठी, पांढरी, खाली लोंबणारी. वटवाघळं त्यांच्यावर येतात, परागीभवन तीच करतात. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होऊन गळतं आणि वासही बरा येत नाही. अंधारात जायचं तर फ्लॅश नको, आणि मोठ्यानं बोलणारी मंडळी घरी ठेवा.

---

तर्कट_माणूस

म्हणजे मी घरी.

---

धारची_लेक

तुम्ही या, तर्कट दादा, ग्रामसभेत बोलायला तुमच्यासारखाच माणूस लागेल. लाल शाई काका, ठरावाचा मसुदा हिंदीत करून ठेवा, आधी भिलाली बोली येणाऱ्या पोरांना वाचून दाखवू. बसनं येणाऱ्यांनी गंगवालहून धारची बस धरावी, पुढची जीप मी ठरवते. जेवायला दाल-पानिये (पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या) आहेत, पळसाची पानं आणून ठेवते. मोजायला कापडी टेप आणा, लांब असलेला. शिंप्याचा चालणार नाही.